पश्चिमेचे वारे : मरुभूमीपासून हिमशिखरांपर्यंत

आपल्याकडे हवामानाचा विचार मुख्यतः पावसाच्या अंगाने केला जातो. पर्जन्यमापकाची नोंद नियमाने होते. पाणीसाठा, पीकपाणी आणि टंचाई यांची चर्चा ग्रामसभेपासून विधिमंडळापर्यंत चालते. वाऱ्याची दखल मात्र एखाद्या शाळेचे पत्रे उडाल्यावर किंवा विजेचे खांब आडवे झाल्यावरच घेतली जाते. वारा हा आला आणि गेला, त्याला कोण काय करणार, अशी एक समजूत आपल्या मनात घर करून बसलेली आहे. ही समजूत किती महाग पडू शकते याचे प्रत्यंतर २ मे २०१८ रोजी उत्तर भारतात आले. त्या दिवशी संध्याकाळी आणि रात्री राजस्थानातील अलवर, भरतपूर व धोलपूर आणि उत्तर प्रदेशातील आग्रा या भागांवरून धुळीचे प्रचंड वादळ गेले. त्यात शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी बहुतेकांचा बळी प्रत्यक्ष वाऱ्याने घेतला नाही. तो घेतला कोसळलेल्या भिंतींनी, उन्मळून पडलेल्या झाडांनी आणि घरांच्या छपरांनी.

असे वारे अकस्मात उठतात असे वाटते. परंतु त्यांच्यामागे बहुधा हजारो किलोमीटर प्रवास करून आलेली एक वातप्रणाली असते. तीच प्रणाली मरुभूमीत धुळीची भिंत उभी करते आणि पर्वतात हिमवादळ घडवून आणते. तिची चाहूल काही दिवस आधी लागू शकते. ही चाहूल घरोघरी कशी पोहोचवावयाची, हा प्रश्न मात्र शेवटी गावपातळीवरच सुटावयाचा आहे. म्हणून या वाऱ्यांची कुळकथा समजावून घेणे अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या सर्वांनाच उपयुक्त ठरेल.

भूमध्य समुद्रापासून हिमालयापर्यंत

हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या आरंभी उत्तर भारतावर ज्या वातप्रणाली येतात त्यांना मराठीत ‘पश्चिमी झंझावात’ म्हणतात. हिंदी वृत्तपत्रांत त्यांचा उल्लेख ‘पश्चिमी विक्षोभ’ असा आढळतो. भूमध्य समुद्र, काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्र यांच्या परिसरात उत्तरेकडील थंड हवा व दक्षिणेकडील उबदार हवा एकमेकींस भिडतात आणि त्यातून कमी दाबाच्या प्रणाली जन्मास येतात. इराण, अफगाणिस्तान आणि पाकिस्तान ओलांडून त्या आपल्या वायव्य सरहद्दीशी येऊन ठेपतात. या प्रवासास साधारणतः चार-पाच दिवस लागतात. हिवाळ्याच्या महिन्यांत, दर महिन्यास अशा चार-सहा प्रणाली येऊन जातात.

या प्रणालींना पूर्वेकडे वाहून नेणारा प्रवाह आकाशात फार उंचावर असतो. जमिनीपासून सुमारे दहा ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा हा अतिवेगवान पट्टा हिवाळ्यात ताशी दीडशे-दोनशे किलोमीटरांचा वेग सहज गाठतो. उन्हाळा सरता सरता तो हिमालयाच्या उत्तरेस सरकतो आणि आपल्याकडील या प्रणालींचा ऋतू संपतो. मात्र गेल्या काही दशकांच्या नोंदी तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले आहे की, हा प्रवाह उत्तरेस सरकण्यास आता विलंब होऊ लागला असून मे, जून आणि जुलै या महिन्यांत येणाऱ्या पश्चिमी झंझावातांची संख्या वाढत आहे. भर उन्हाळ्यातील तापलेल्या जमिनीवर या प्रणाली येऊ लागल्या तर वादळांना अधिक अनुकूल परिस्थिती लाभते. त्यामुळे या निष्कर्षाची गंभीरपणे दखल घेतली पाहिजे.

पश्चिमी झंझावात हे केवळ संकट आहे असे मात्र कोणी समजू नये. पंजाब आणि हरियाणातील गव्हाला हिवाळ्यात जो पाऊस लाभतो तो याच प्रणालींमुळे. राजस्थानातील शेतकरी त्याला ‘मावठ’ म्हणतात आणि त्याची आतुरतेने वाट पाहतात. हिमालयावर साठणारे आणि उन्हाळ्यात वितळून नद्यांना पाणी पुरविणारे बर्फ हीही मुख्यतः याच प्रणालींची देणगी होय. देणारा हात आणि मोडणारा हात येथे एकाच अंगाचे आहेत.

वारा का उठतो?

कालव्याच्या तळाला जितका अधिक उतार, तितके पाणी अधिक वेगाने धावते. हवेचेही तसेच आहे. जेथे हवेचा दाब अधिक आहे तेथून ती कमी दाबाकडे जाऊ लागते. हा फरक थोड्या अंतरात जितका मोठा, तितका वारा जोरकस असतो. पश्चिमी झंझावात जवळ येऊ लागला म्हणजे दाबाचा हा ‘उतार’ तीव्र होत जातो. मुख्य प्रणाली हिमालयाच्या बाजूने पुढे सरकत असता तिच्या प्रभावाने राजस्थान आणि लगतच्या मैदानी प्रदेशात एक दुय्यम कमी दाबाचे क्षेत्रही पुष्कळदा तयार होते. मरुभूमीतील अनेक वादळी दिवसांचे मूळ या दुय्यम क्षेत्रात असते.

प्रणाली येण्यापूर्वी वारा साधारणतः दक्षिण किंवा आग्नेय दिशेने वाहतो, हवा उबदार होते आणि आकाशात उंचावर पिसांसारखे विरळ ढग दिसू लागतात. प्रणाली पुढे निघून गेली की वारा वायव्येकडून वाहू लागतो, आकाश निवळते आणि थंडीचा कडाका वाढतो. दिशा बदलण्याच्या या संधिकाळातच वाऱ्याचे जोरदार झोत येतात. शाळेच्या आवारात साधा वातदर्शक बसवून विद्यार्थ्यांकडून त्याची रोजची नोंद ठेवून घेतली, तर भूगोलाचा हा धडा पुस्तकाविनाही शिकविता येण्याजोगा आहे.

मरुभूमीतील आंधी

थरच्या वाळवंटात धूळ उडविणारे वारे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात दाबातील फरकामुळे वारा तासन्‌तास, कधी दोन-तीन दिवसही एकसारखा वाहत राहतो. वाळूचे जाड कण उड्या मारीत जमिनीलगत पुढे सरकतात. बारीक धूळ मात्र उंच चढते आणि शेकडो किलोमीटर वाहून जाते. या वाऱ्याने आकाश गढूळ होते, पिकांची कोवळी पाने फाटतात, रस्त्यांवर वाळू साचते. परंतु तो माणसाला सावध होण्यास अवधी देतो.

दुसरा प्रकार अधिक घातक आहे. उत्तर भारतात ‘आंधी’ हे नाव विशेषेकरून त्याला शोभते. ही आंधी मेघगर्जनेच्या ढगातून जन्मास येते. मे महिन्यात राजस्थानची जमीन अतिशय तापते. जोधपूर विभागातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. अशा तापलेल्या भूमीवर पश्चिमी झंझावातामुळे वरच्या थरांत थंड हवा आली आणि खालून समुद्राकडील बाष्प मिळाले की, ढग झपाट्याने उंच वाढतात. त्यांचा तळ जमिनीपासून पुष्कळ वर असतो आणि खालची हवा अगदी कोरडी असते. त्यामुळे ढगातून सुटलेले पावसाचे थेंब वाटेतच आटून जातात. पाणी आटताना हवेतील उष्णता शोषून घेते. ती हवा थंड आणि जड होऊन दगडासारखी खाली कोसळते. जमिनीवर आदळल्यावर तिला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे चोहीकडे पसरण्याचा. फरशीवर घागर उपडी करावी आणि पाणी सर्व बाजूंस धावावे, तसा हा थंड हवेचा लोट ढगाच्याही पुढे धाव घेतो आणि वाटेतील सारी सुटी माती उचलून धुळीची एक उंच भिंत उभी करतो.

म्हणूनच अशा वादळात पाऊस अल्प आणि वारा प्रचंड असतो. दुपारी चार वाजता अंधारून येते, काही मिनिटांतच तापमान कित्येक अंशांनी उतरते आणि हाताच्या अंतरावरील वस्तूही दिसेनाशी होते. पी. व्ही. जोसेफ, डी. के. रायपाल आणि एस. एन. डेका या हवामानशास्त्रज्ञांनी १९८० साली वायव्य भारतातील आंधीवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात ढगांतून उतरणाऱ्या या वाऱ्याचाच अभ्यास केलेला आहे. २ मे २०१८ च्या आपत्तीतही पश्चिमी झंझावात, पूर्वेकडून आलेले बाष्प आणि तापलेली भूमी हे तिन्ही घटक एकत्र आले होते. वादळ रात्री आले, लोक घरांत झोपलेले होते, त्यामुळे प्राणहानी वाढली.

वाऱ्याला अडविणे शक्य नसले, तरी जमिनीलगत त्याचा जोर कमी करणे शक्य आहे. जोधपूर येथे १९५९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने, म्हणजे ‘काझरी’ने, वाळूच्या टेकड्या गवताने व झुडपांनी स्थिर करण्याचे आणि शेतांभोवती वृक्षपट्टे लावण्याचे काम अनेक वर्षे केले आहे. वृक्षपट्ट्याच्या आडोशास, झाडांच्या उंचीच्या सुमारे दहा ते वीसपट अंतरापर्यंत वाऱ्याचा वेग कमी राहतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भरीव भिंतीपेक्षा, थोडा वारा आरपार जाऊ देणारी झाडांची रांग अधिक उपयोगी पडते; भिंतीच्या मागे भोवरे उठतात, झाडांच्या मागे ते फारसे उठत नाहीत.

पर्वतांतील वारा

हीच प्रणाली हिमालयात शिरल्यावर तिचे रूप पालटते. मैदानात झाडे, घरे आणि जमिनीचा खडबडीतपणा वाऱ्याचा वेग काही प्रमाणात रोखून धरतात. पर्वताचा माथा मात्र वरच्या वेगवान प्रवाहाच्या जवळ असतो. शिवाय कड्यावरून जाताना हवेला दाटीवाटीने पुढे जावे लागते आणि खिंडीत तर ती नरसाळ्यातून जावी तशी घुसते. खाली गावात झाडाचे पान हलत नसता वर खिंडीत उभे राहणे अशक्य व्हावे, हा अनुभव डोंगराळ मुलुखातील मेंढपाळांना आणि तेथे तैनात असलेल्या जवानांना नवीन नाही.

वाऱ्यामुळे थंडीही दुणावते. तापमान शून्याखाली १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहू लागला, तर उघड्या त्वचेला ते शून्याखाली सुमारे २० अंशांइतके जाणवते. अंगाभोवतालची उबदार हवा वारा पळवून नेतो आणि शरीराची ऊब वेगाने नष्ट होते. दुसरा धोका बर्फाचा. वारा कड्याच्या एका बाजूचे बर्फ उचलून दुसऱ्या बाजूस नेऊन टाकतो. तेथे बर्फाचे जड थर तयार होतात; खालच्या थराशी त्यांची पकड कच्ची राहिली म्हणजे थोड्याशा भारानेही ते निसटतात आणि हिमस्खलन होते. फेब्रुवारी २००५ मध्ये पश्चिमी झंझावातामुळे काश्मीरमध्ये झालेल्या अतोनात हिमवृष्टीनंतर वालटेंगू नाड या वस्तीवर हिमकडे कोसळले आणि शंभराहून अधिक ग्रामस्थ दगावले.

ऑक्टोबर २०१४ मधील नेपाळची दुर्घटना तर पूर्वसूचनेचे महत्त्व पटविणारी आहे. ‘हुडहुड’ हे चक्रीवादळ १२ ऑक्टोबर रोजी विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले. जमिनीवर आल्यावर त्याचा जोर ओसरला. पण त्याचे अवशेष पश्चिमेकडून आलेल्या कमी दाबाच्या द्रोणीत सापडून हिमालयाकडे ओढले गेले. १४ ऑक्टोबर रोजी अन्नपूर्णा पर्वताच्या परिसरात, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग ला खिंडीत, पदभ्रमण करणाऱ्यांना भीषण हिमवादळाने गाठले. त्या भागात चाळीसहून अधिक लोक मरण पावले. किनाऱ्यावरील वादळाची वार्ता दोन दिवस आधी जगभर झाली होती. खिंडीच्या वाटेवर निघालेल्यांपर्यंत मात्र धोक्याचा इशारा पोहोचला नव्हता. एक दिवस थांबले असते तर त्यांतील कितीतरी जण सुखरूप परतले असते.

महाराष्ट्राचा संबंध

हे सर्व उत्तरेचे प्रश्न आहेत, असे महाराष्ट्रातील वाचकास वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे नाही. फेब्रुवारी आणि मार्च २०१४ मध्ये आपल्या राज्याच्या बहुतांश जिल्ह्यांत जी दीर्घकाळ गारपीट झाली, ती पश्चिमेकडील थंड हवेची द्रोणी नेहमीपेक्षा दक्षिणेस उतरून बंगालच्या उपसागरावरील बाष्पास भिडल्यामुळे. काढणीस आलेला गहू, हरभरा, द्राक्षे आणि डाळिंबे काही मिनिटांत मातीस मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये तर पाकिस्तानातून उठलेली धूळ पश्चिमी झंझावाताच्या पाठोपाठ सौराष्ट्रमार्गे थेट मुंबईवर आली. दिवसा सूर्य फिकट दिसू लागला आणि पारा एकाएकी उतरला.

वाऱ्याच्या झोतात कच्चे बांधकाम काय करते याचे उदाहरणही आपल्याकडेच घडले आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे धुळीच्या वादळात एक अवाढव्य जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा बळी गेला. ते वादळ वळवाच्या ढगांतून आलेले होते. पण ढगातून उतरून जमिनीवर पसरणारा वाऱ्याचा झोत राजस्थानातील आंधीच्याच जातीचा. याखेरीज दरवर्षी आपल्या राज्यातून असंख्य यात्रेकरू, शालेय सहली आणि गिर्यारोहक राजस्थान, हिमाचल, उत्तराखंड आणि काश्मीरकडे जातात. सहलीची तारीख ठरविताना रेल्वेचे आरक्षण जितक्या काळजीने पाहिले जाते, तितक्या काळजीने हवामानाचा अंदाज पाहिला जात नाही. ही सवय बदलावयास हवी.

वाऱ्याचे मोजमाप

वाऱ्याचा वेग यंत्राविनाही अजमावता येतो. फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली तयार केलेली वाऱ्याची श्रेणी आजही जगभर वापरली जाते. धूळ आणि कागदाचे कपटे उडू लागले की वेग ताशी २० ते २८ किलोमीटर समजावा. छत्री सावरणे कठीण झाले की तो ३९ ते ४९ च्या दरम्यान असतो. झाडांच्या डहाळ्या मोडू लागल्या की ६२ ते ७४, आणि झाडे मुळासकट उपटू लागली की ८९ ते १०२.

या आकड्यांबरोबर एक नियम लक्षात ठेवावा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरचा वारा सोसणारे छप्पर ८० किलोमीटरच्या वाऱ्यात दुप्पट नव्हे, चौपट भार सोसत असते. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा युक्तिवाद येथे लंगडा पडतो.

इशाऱ्यापासून कृतीपर्यंत

भारतीय हवामान खात्याची स्थापना १८७५ साली झाली. त्याचे मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास हलविण्यात आले आणि पुढे १९४४ मध्ये दिल्लीस गेले. पुण्यातील शिवाजीनगरची वास्तू ‘सिमला ऑफिस’ या नावाने आजही ओळखली जाते, ती त्यामुळेच. आज उपग्रहांची छायाचित्रे, डॉप्लर रडार आणि संगणकीय प्रारूपे यांच्या साहाय्याने पश्चिमी झंझावाताचे आगमन काही दिवस आधी सांगता येते. हिमाचलातील कुफरी, जोत आणि मुरारी देवी, तसेच उत्तराखंडातील मुक्तेश्वर व सुरकंडा देवी येथेही आता रडार बसविलेले आहेत. तथापि, नेमक्या कोणत्या गावावर आंधी कोसळेल हे ढग वाढू लागल्यावरच कळते. त्यासाठी पुढील तीन तासांपुरते तातडीचे अंदाज दिले जातात. हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा हे रंग या इशाऱ्यांची तीव्रता सांगतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सज्ज राहा, तांबडा म्हणजे तत्काळ कृती करा.

दिलेला इशारा प्रत्येक वेळी खरा ठरेलच असे नाही. २०१८ च्या आपत्तीनंतर हरियाणा शासनाने ७ आणि ८ मे रोजी शाळा बंद ठेवल्या होत्या. अशा प्रसंगी वादळ हुकले तर निर्णयाची थट्टा होते. पण वादळ आले आणि मुले पत्र्याच्या वऱ्हांड्यात असली तर त्याची भरपाई कोणत्याही अनुदानाने होत नाही. हुकलेल्या इशाऱ्याची किंमत एक दिवस असते, न दिलेल्या इशाऱ्याची किंमत त्याहून फार मोठी असते, हे अधिकाऱ्यांनी मनाशी पक्के धरावे.

गावपातळीवर करावयाची कामे फार खर्चाची नाहीत. शाळा, अंगणवाडी आणि समाजमंदिर यांचे पत्रे हुकांनी पक्के आवळलेले आहेत की नाहीत, हे मार्च महिन्यातच तपासावे. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवण्याची रीत सर्रास आढळते. वादळात तेच दगड खाली झोपलेल्यांच्या अंगावर पडतात, म्हणून ती सोडावी. वाऱ्याच्या दिशेची दारे-खिडक्या बंद कराव्यात, कारण आत शिरलेला वारा छप्पर खालून उचलतो. वाळलेली झाडे आणि लोंबकळणाऱ्या वीजतारा यांची यादी करून ती संबंधित कार्यालयास वेळेवर द्यावी. इशारा असेल त्या दिवशी लग्नाचा मांडव, बाजार आणि सभा यांबाबत फेरविचार करावा. रात्रीचा इशारा असेल तर ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून, मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून आणि कोतवालामार्फत तो झोपण्यापूर्वी घरोघरी पोहोचवावा. कच्च्या भिंतीच्या घरातील कुटुंबांना त्या रात्रीपुरते शाळेच्या पक्क्या इमारतीत हलवावे. यासाठी शाळेची किल्ली कोणाकडे आहे, हे ग्रामसेवक आणि पोलीस पाटील या दोघांनाही ठाऊक असले पाहिजे.

पर्वतात जाणाऱ्यांसाठी नियम अधिक साधा आहे. खिंड पहाटे लवकर ओलांडावी, ताज्या बर्फाने भरलेल्या उतारावर पाऊल टाकू नये, आणि इशारा असेल तर थांबावे.

भूमध्य समुद्राकाठी उठलेली प्रणाली चार-पाच दिवसांत आपल्या वायव्य सीमेवर येते. या चार-पाच दिवसांत उपग्रह तिला पाहतात, शास्त्रज्ञ तिचा मार्ग आखतात, जिल्हा कार्यालयास संदेश मिळतो. एवढी मोठी साखळी पूर्ण झाल्यावर शेवटची कडी उरते ती गावातील चावडीपासून शेवटच्या घरापर्यंतची. तेथे संदेश सांगणारा माणूस ज्या गावात ठरलेला आहे, ते गाव वाऱ्याला थांबवू शकत नसले तरी आपली माणसे वाचवू शकते.